गब्बरची मुंगी

आमच्या झाडीपट्टीत खलनायकाचा पार्ट करणाऱ्या नटाजवळ दोन गोष्टी भरपूर असाव्या लागतात. एक आवाज आणि दुसरी सहनशक्ती. आवाज रात्री लागतो, सहनशक्ती दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर.

झाडीपट्टी म्हणजे काय, असं विचारणारे अजून भेटतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतला, वैनगंगेच्या दोन्ही अंगांचा मुलूख. धान, तलाव आणि जंगल यांसाठी प्रसिद्ध, आणि नाटकांसाठी त्याहूनही प्रसिद्ध. पण ही दुसरी प्रसिद्धी बरीच वर्षं इथल्या इथेच राहिली. दिवाळी झाली की भाऊबीजेच्या सुमारास नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत आटपत नाहीत. गावात मंडई भरो की शंकरपट, दिवसा बैल पळतात आणि रात्री नट. वडसा हे या धंद्याचं मुख्य ठाणं. सरकारी कागदावर त्याला देसाईगंज म्हणतात, पण कागद सोडून बाकी सगळे वडसाच म्हणतात. दुसऱ्या गावात किराणा दुकानांच्या पाट्या असाव्यात तशा तिथे नाटक कंपन्यांच्या पाट्या आहेत. २०२३ साली आमच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा दिल्लीला कळलं की इकडे रात्री काहीतरी चालतं. आम्हाला आधीपासून ठाऊक होतं. लाऊडस्पीकरपुढे झोप कुणाला लागणार?

नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होतं आणि कोंबडा आरवायच्या बेताला संपतं. पुण्यात नाटक सुटलं की मंडळी जेवायला जातात. इथे थेट चहा प्यायला. आता एवढं लांब नाटक म्हटलं की शहरातले लोक गालातल्या गालात हसतात. पण या लांबीचा एक फायदा आहे, आणि तो कलेचा नसून नीतीचा आहे. दोन तासांच्या खेळात खलनायकाने पाप केलं की लगेच पुढचा प्रवेश लावावा लागतो. इथे रात्र पडलेली असते. ज्याच्यावर पाप झालं त्यालाही भरपूर वेळ मिळतो. रडणारीला गाणं असतं, गाण्याला ऑर्गन-तबला असतो आणि घाई कुणालाच नसते.

आमच्या शेजारच्या मामी एकदा अशाच एका नाटकाला होत्या. मी त्यांच्या मागे बसलो होतो. त्यातला सावकार अतिशय विनोदी होता. तो काहीही बोलला तरी मंडप हसायचा, आणि सगळ्यांत जोरात मामी हसायच्या. मग याच सावकाराने एका विधवेच्या वावराचा कागद हिसकावला. ती बाई दोन पोरांना घेऊन स्टेजवर बसली, ती चांगली वीस मिनिटं. तिने काय काय सांगितलं! नांगर कुणी धरला, विहीर कुणी खोदली, धुऱ्यावरचं आंब्याचं झाड कुणी लावलं. मामी उठून उभ्या राहिल्या आणि एकच आरोळी ठोकली, ‘‘मुडदा बसवला तुझा!’’

सकाळी टपरीवर तोच नट अर्ध्या तोंडाचा रंग पुसून चहाची वाट पाहत होता. मामींनी त्याला स्वतःच्या पैशाने चहा पाजला. म्हणाल्या, ‘‘पार्ट बेस केला बापा तू. लय हसवलं. पन त्या बाईचं वावर वापस कर.’’

मामींना नट आणि पार्ट यांतला फरक कळत नव्हता असं कृपा करून समजू नका. त्यांना सगळं कळत होतं. त्या सावकाराला मनापासून हसल्या होत्या आणि त्या हसण्याची त्यांना मुळीच लाज नव्हती. फक्त वावर कुणाचं होतं हे त्या विसरल्या नव्हत्या. कारण ते विसरायला नाटकाने त्यांना सवडच दिली नव्हती.

आता आमच्या जावयांकडे वळतो. जावई पुण्याचे. संगणकात काम करतात, सिनेमे-मालिका पुष्कळ पाहतात, आणि पाहून झालं की बोलतात. त्यांचं म्हणणं असं की, बाबा, तुमच्या झाडीपट्टीतला खलनायक आता जुना झाला. मिशीवर ताव मारून हॅ हॅ हॅ हसणारा माणूस खऱ्या आयुष्यात असतो का? आता खलनायकाला बाजू असते. त्याला बालपण असतं. प्रेक्षकाला तो आवडला पाहिजे, समजला पाहिजे. दुष्टालाही मन असतं हे ओळखणं म्हणजेच माणुसकी.

जावयाशी वाद घालण्याची आपल्याकडे पद्धत नाही. मराठीत बरेचसे निबंध याच कारणाने लिहिले गेले असावेत.

गेल्या दिवाळीत त्यांनी मला शेजारी बसवून एक मालिका दाखवली. त्यातला गुंड मला खरोखर आवडला. मग सवयीने मी त्याची पाककृती लिहून काढली. खलनायक एक घ्यावा, मध्यम वयाचा. त्याला एक म्हातारी आई द्यावी, एक मांजर द्यावं, एक जुनी जखम द्यावी आणि स्वयंपाकाची आवड द्यावी. सगळ्यांत चांगली वाक्यं त्याच्या वाट्याला घालावीत. आणि मुख्य म्हणजे, तो जे काही करतो ते दार लावून करावं. दार लागतं. बाहेर दिवा थोडा हलतो. पुढच्या प्रवेशात साहेब रुमालाला हात पुसत बाहेर येतात आणि कांदा बारीक कसा चिरावा हे पोराला समजावून सांगतात. आत कोण होता, त्याच्या घरी कोण वाट पाहत होतं, त्यालाही एखादं मांजर होतं का, हे दार आपल्याला सांगत नाही. चार तासांनी आपण म्हणतो, माणूस वाईट नाही हो, परिस्थितीने झाला.

हे दार नवीन नाही. आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं एक दार १९७५ सालचं आहे. त्या वर्षी १५ ऑगस्टला ‘शोले’ लागला. त्यातला गब्बर सिंग हा हिंदुस्थानातला सगळ्यांत लाडका दरोडेखोर. पण त्याने केलेलं आपण पाहिलं किती? ठाकूरच्या घरातली मोठी माणसं गोळी लागून पडताना दिसतात, हे खरं. पण शेवटी लहानग्या नातवावर बंदूक रोखली जाते, आणि पडद्यावर येते आगगाडी. ठाकूरचे हात तोडायला तलवारी उगारल्या जातात, आणि पुढे दिसते ती वाऱ्याने उडालेली शाल आणि रिकाम्या बाह्या. तिसरा अहमद. रामगडच्या आंधळ्या इमामसाहेबांचा मुलगा, आपल्या सचिनने केलेला. जबलपूरला बिडीच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून निघालेला तो पोरगा गब्बरच्या हाती सापडतो. गब्बर पडल्या पडल्या हातावर चालणारी एक मुंगी चिरडतो. संपलं. पुढच्या प्रसंगात घोडा प्रेत घेऊन गावात शिरतो. अहमदला मारण्याचा प्रसंग चित्रित झाला होता, पण चित्रपट लागला तेव्हा तो त्यात नव्हता. ते आणीबाणीचे दिवस होते. शेवटसुद्धा बदलावा लागला आणि ठाकूरच्या पायाखाली मरायचा गब्बर पोलिसांच्या स्वाधीन झाला.

म्हणजे मरताना क्लोजअप मिळाला तो मुंगीला. अहमदला मिळाला नाही.

पण सगळा दोष चित्रपटावर टाकून मोकळं होता येत नाही. कारण ‘शोले’ने मार झाकला, मार खाणारा झाकला नाही. घोडा गावात येतो. गाव गोठून उभं राहतं. आंधळा बाप काठी टेकत येतो आणि विचारतो की एवढी शांतता का आहे. त्याला हात धरून प्रेतापर्यंत नेतात. पाहताना आवंढा गिळावा लागतो. चित्रपटाने हिशेब चोख दिला होता.

पुढचं कापकाम आपण केलं. पॉलिडोरने ‘शोले’च्या संवादांची ध्वनिमुद्रिका काढली आणि ती हॉटेलांतून, लग्नांच्या मांडवांतून, गणपतीच्या मंडपांतून वाजत राहिली. सात वर्षांची पोरं गब्बर पाठ म्हणू लागली. ब्रिटानियाच्या ग्लुकोज बिस्किटांच्या जाहिरातीत खुद्द अमजद खान गब्बरच्या वेषात आले आणि पोरांनी त्या डाकूच्या आवडीची बिस्किटं आनंदाने खाल्ली. आईच्या भीतीने निजायचं ते पोर डाकूच्या शिफारशीवर जेवू लागलं. आणि त्या आंधळ्या बापाचा प्रश्न? तो आज आपल्याकडे विनोद आहे. लग्नाच्या पंगतीत चार माणसं गप्प बसली की कुणीतरी तो प्रश्न इमामसाहेबांच्या आवाजात विचारतो आणि पंगत खदखदते. पोराच्या प्रेताकडे चाललेल्या बापाचा प्रश्न! सेन्सॉरने एकदा कात्री चालवली. आपण पन्नास वर्षं चालवतो आहोत, आणि आपल्याला कुणी मानधनही देत नाही.

इथे जावई म्हणतील (ते म्हणालेच, मी फक्त तोंडात भजी असल्याने उत्तर दिलं नाही), की बाबा, मग काय रक्ताचे पाट दाखवायचे? मुळीच नाही. रक्त न दाखवण्याची रीत फार जुनी आणि फार सभ्य आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात सांगून ठेवलं आहे की युद्ध, मरण, राज्य जाणं, नगराला वेढा पडणं या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून सांगाव्यात. तिकडे ग्रीकांच्या शोकांतिकांमध्येही बहुतेक खून आत, राजवाड्यात होत. पण त्या दोन्ही शहाण्या लोकांनी एक खबरदारी घेतली होती. आत जे घडलं ते बाहेर येऊन सांगणारा कुणीतरी असायचा. ग्रीक नाटकात दूत धापा टाकत येतो आणि कोण कसं पडलं, शेवटी काय म्हणालं, हे सविस्तर सांगतो. काही गाळत नाही. मग ज्यांचं गेलं ते रडतात, आणि त्यांना रडू दिलं जातं.

तेव्हा पाप विंगेत झालं म्हणून बिघडत नाही. विंगेतून बातमी घेऊन कुणी आलंच नाही, म्हणजे बिघडतं. खलनायक गोड वाटायला लागतो तो त्याची तलवार दिसली नाही म्हणून वाटत नाही. ती ज्याला लागली त्याला नाव, गाव, आई-बाप काहीच दिलेलं नसतं म्हणून वाटतो.

हे ज्यांना नीट कळतं असे दोन प्रकारचे लोक असतात, चांगले नाटककार आणि सरकार. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आलं. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. पण नुसता कीचक दुष्ट दाखवला असता तर इंग्रजांनी कदाचित सोडूनही दिलं असतं. दुष्ट राजपुरुष त्यांनी बरेच पाहिले होते, काही घरचेच होते. खाडिलकरांनी कीचकासमोर सैरंध्री उभी केली, तिला बोलू दिलं, आणि तिचा अपमान ही थिएटरातल्या प्रत्येकाची घरची गोष्ट झाली. १९१० साली नाटकावर बंदी आली. सोसणारं माणूस दिव्याच्या उजेडात उभं राहिलं की काय होतं, हे त्या सरकारला आमच्या मामींइतकंच कळलेलं होतं.

आणि अत्र्यांचा लखोबा घ्या. ‘तो मी नव्हेच’ १९६२ सालचं. प्रभाकर पणशीकरांनी त्या लखोबा लोखंडेला असं उभं केलं की त्याच्या प्रत्येक सोंगाला टाळी पडायची. बायका फसवणारा, माणसं लुबाडणारा हा इसम, आणि लोक त्याला पाहायला पुन्हा पुन्हा तिकीट काढत. पण अत्र्यांनी नाटक लावलं ते कोर्टात. कोर्टाचं एक बरं असतं. तिथे आरोपी कितीही मजेदार असला तरी फिर्यादीला हाक मारावीच लागते. फसवले गेलेले येतात, पिंजऱ्यात उभे राहून सांगतात. म्हणून लखोबाला हसता हसता तो सुटू नये असंही वाटत राहतं. आमच्या मामींचंच हे. फरक इतकाच की अत्र्यांच्या नाटकात टपरी नव्हती.

जावयांचा खरा मुद्दा मात्र अजून शिल्लक आहे. दुष्टाला समजून घेणं ही माणुसकी. मला तो मुद्दा मान्य आहे, अगदी मनापासून. पण समजून घ्यायचं म्हणजे कुणाला? ज्याने ते केलं त्याला. ते केलेलंच झाकून ठेवलं तर उरतो तो दुसराच कुणीतरी गृहस्थ, मांजर पाळणारा आणि कांदा चिरणारा. त्याला माफ करायला फारसं काही लागत नाही. त्याने कांद्याखेरीज काही चिरलेलंच नसतं. ज्याची फाईल न उघडता आपण माफी लिहून दिली, तो माणूस आपल्या माफीवाचूनच राहिला म्हणायचा. आपण उदार झालो असं आपल्याला वाटतं, पण खर्च एक पैसाही झालेला नसतो.

एवढ्यावर हा निबंध संपवला असता तर जावयांनी म्हटलं असतं, बाबा, हे सगळं नाटक-सिनेमापुरतं आहे, कुणाचं काय बिघडतं? म्हणून आता आमच्या इथल्या सगळ्यांत मोठ्या नटाकडे वळतो. तो चार पायांचा आहे.

वाघाला खलनायक म्हणण्याइतका मी खुळा नाही. वाघाला कसलं आलंय पाप? त्याला भूक असते, हद्द असते, पिल्लं असतात. सावकाराला कागद हिसकावताना कळत असतं, वाघाला तसलं काही कळत नाही. जंगल तुटलं, वाघ वाढले, दोघांनी जायचं कुठे, हा प्रश्न वाघाने निर्माण केलेला नाही. तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात त्याला उभं करायचं नाही. मला बोलायचं आहे ते प्रेक्षकांविषयी.

जावई दर वर्षी ताडोब्याला येतात. ताडोबा १९५५ सालापासूनचं राष्ट्रीय उद्यान, महाराष्ट्रातलं सगळ्यांत जुनं. येताना ते तोफेएवढी लेन्स आणतात. रात्री जेवताना त्यांच्या तोंडी वाघांची वंशावळ असते. वाघडोहची पोरं कोणती, माया कुणाची, मटकासुराचा रुबाब कसा. वाघडोह २०२२ च्या मे महिन्यात म्हातारा होऊन गेला तेव्हा जावई दोन दिवस गप्प होते. २०२३ मध्ये माया दिसेनाशी झाली तेव्हा आमच्या घरी पुण्याहून चौकशीचे फोन; जणू ती आमच्या बोळात राहत होती. मला यात काही वावगं वाटत नाही. सुंदर जनावराचा जीव लागणं हे माणूस जिवंत असल्याचं लक्षण आहे. शिवाय जावयाला काहीतरी नाद असावा. बिननादी जावई फार वेळ घरात बसतो.

पण जिप्सीतून दिसणारा वाघ हा विंगेबाहेरचा वाघ असतो. तो पाण्यात बसलेला असतो, पिल्लाला चाटत असतो, जांभई देतो. विंग असते ती जंगलाच्या कडेला, सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरी, नागभीडच्या बाजूला, पहाटे पाचच्या अंधारात. एप्रिल-मेमध्ये तेंदूपानांचा हंगाम असतो, काही दिवसांचाच. बाया अंधारात निघतात, वाकून वाकून पानं तोडतात, घरी आणून ७० पानांचा एकेक पुडा बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं मोजून घेण्याच्या ठिकाणी, नेऊन घालतात. पावसाळ्याआधी हातात येणारा पैसा तो हाच. पुढे त्या पानांची बिडी होते. अहमदच्या जबलपूरच्या कारखान्यात तरी दुसरं काय वळत असतील? वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं वनखात्याची माणसं सांगतात. २०२२ या एका वर्षात चंद्रपूर जिल्ह्यात वाघ-बिबट्यांनी ५०हून अधिक माणसं मारली. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात पानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी गेल्या.

आणि आमच्या नाटकांचं माहेर असलेलं ते वडसा. तिथल्या जंगलात ऑक्टोबर २०२२ मध्ये एक वाघ बेशुद्ध करून पकडला. १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका त्याच्यावर होता. त्याचं नाव सी.टी.-१. असलं नाव असलं की कुणाचा जीव लागत नाही. ते मोटारीचं वाटतं. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या वाघिणीचंही सरकारी नाव टी-१ होतं, १३ मृत्यूंचा ठपका तिच्यावरही होता. पण तिला कुणीतरी अवनी म्हटलं, तिला दोन बछडे होते, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये तिला गोळी घातली तेव्हा शहराशहरांतून मोर्चे निघाले. त्याच वेळी तिकडच्या गावांत फटाके वाजत होते. मोर्चेवाल्यांनी बछडे पाहिले होते, तेरा घरं पाहिली नव्हती. फटाकेवाल्यांनी घरं पाहिली होती. एकाच नाटकाला दोन बाजूंनी प्रेक्षक बसलेले आणि मध्ये पडदा. एका बाजूला नाव पोचलं, दुसऱ्या बाजूला प्रेत.

आमच्या घरी उन्हाळ्यात एक बाई मोहफुलं आणि चारोळी घेऊन यायची. स्वतःच्या डब्याने मोजायची, वर एक मूठ जास्तीची टाकायची आणि मग त्या मुठीबद्दल आम्हालाच रागवायची. माझा चष्मा कपाळावर असताना मी तो घरभर शोधतो, हे तिच्या गावात तिने सगळ्यांना सांगितलं होतं. एका मे महिन्यात ती पानांना गेली आणि आली नाही. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. ‘वाघाच्या हल्ल्यात महिला ठार.’ महिला! आयुष्यभर तिला कुणी महिला म्हटलं नसेल. सरकार अशा घराला आता २५ लाख रुपये देतं, आणि दिलेच पाहिजेत. पण ते पैसे घेऊन येणारा कारकून म्हणजे काही ग्रीकांचा दूत नव्हे.

त्या रात्री पुण्याहून फोन आला. सौ.ने घडलेलं सांगितलं. जावई खरोखर हळहळले. माणूस मनाने चांगला आहे. मग त्यांनी विचारलं, ‘‘अरेरे! कुठला वाघ होता?’’

मी फोनपासून दूर होतो आणि पद्धत पाळून होतो. सौ.ला ती पद्धत लागू नाही. ती म्हणाली, ‘‘वाघाचं नाव नाही ठाऊक जी. बाईचं सांगू?’’ आणि तिने सांगितलं. नाव, गाव, नवरा कधी गेला, धाकटा शिकायला कुठे असतो, सून कुठली, आणि ती जास्तीची मूठ. हे सगळं मी इथे लिहीत नाही, कारण तिच्या घरच्यांना विचारलेलं नाही. पण सौ.ने सांगितलं तेव्हा काही गाळलं नाही. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता.

शेवटी जावयांनी विचारलं, ‘‘तिचा एखादा फोटो आहे का?’’

त्यांच्याकडे ताडोब्याच्या वाघांचे काही हजार फोटो आहेत. तिचा शोधला तेव्हा तिच्या घरी एकच निघाला, आधार कार्डावरचा. त्यात ती कुणालाच ओळखू आली नाही; आधार कार्डावर कोण ओळखू येतं? शेवटी तोच मोठा करून भिंतीला लावला.

जावई पुढच्या वर्षीही ताडोब्याला आले. यावंच. वाघ पाहावा, लखोबाला टाळी द्यावी, सावकाराला पोट धरून हसावं. ज्यांना खलनायक आवडत नाही अशा लोकांबरोबर नाटक पाहणं हा छळ असतो. माझी विनंती लहान आहे. ‘शोले’ टीव्हीवर सारखा लागतो. गब्बरची वाक्यं खुशाल त्याच्याबरोबर म्हणा. पण त्याने मुंगी चिरडली की चहा आणायला उठू नका. थोडं थांबा, घोडा येतो आहे. तो आंधळा म्हातारा त्याचा प्रश्न विचारेल तेव्हा खोलीत कुणी हसलं, तर त्याला गप्प बसवा. हसणारा जावई असला तरी चालेल. त्या एका ठिकाणापुरती पद्धत मोडायला माझी परवानगी आहे.